खोलीत राहिलेला वास

चाकणच्या त्या प्रकरणाची आठवण निघाली, की आजही मला आधी डिझेलचा वास येतो आणि मग माणसं दिसू लागतात. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कंटेनरचे अपघात, भंगाराच्या चोऱ्या, शिफ्ट सुटल्यावरच्या मारामाऱ्या, हे आमचं रोजचं काम. अशात राजगुरुनगर रस्त्यालगतच्या एका पंपाचे मालक तक्रार घेऊन आले. जमिनीखालच्या टाकीतलं डिझेल विक्रीच्या मानाने जास्तच कमी होत होतं. मालक गावातलेच, रोखठोक.

“साहेब, बाहेरचा चोर न्हाई. टाकीची किल्ली मॅनेजरकडं असती. त्याला आत घ्या, पोपटासारखा बोलंल.”

नोकराने केलेल्या चोरीचा गुन्हा दाखल झाला आणि मॅनेजरला नोटीस देऊन बोलावलं. हा लातूरकडचा, पन्नाशीचा माणूस, पंप सुरू झाल्यापासून तिथेच. चोरीचा शिक्का बसला असता, तर या पट्ट्यातल्या कुठल्याच पंपाने त्याला दारात उभं केलं नसतं.

कोंडीत सापडलेला माणूस बहुतेक वेळा आपल्याहून लहान माणसाचं नाव घेतो. हे मी इतक्यांदा पाहिलं होतं, की याच्या बाबतीतही त्याचीच वाट बघत होतो. चहा मागवला आणि त्याला सरळ वाट दाखवली.

“तुम्ही नाही, तर पंपावरच्या पोरांपैकी कोण? एक नाव सांगा आणि घरी जा.”

“म्या नेलं नाही साहेब. पोरांनीबी नेलं नाही. त्यांना म्याच कामाला ठिवलंय.”

“मग डिझेल गेलं कुठं?”

“तेच मी मालकाला इचारलं. ते म्हणले, चोराला इचार.”

मला हसू आलं, ते मी चहात लपवलं. पुढच्या खेपेला त्याला पुन्हा बोलावलं. प्रश्न फिरवून विचारले, आवाज चढवला. उत्तर तेच, शब्दही तेच. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट थोडी सुधारून घेतो. यानं काहीच सुधारलं नाही आणि कुणाचं नावही घेतलं नाही. त्याच दिवशी आमच्या हवालदारांनी नाक मुरडलं.

“अहो मॅनेजर, आंघोळ तरी करून यायचं राव. मागल्या खेपेलाबी खोली अशीच घमघमत होती.”

मॅनेजर ओशाळला. “आंघोळ करूनच आलोय. आन् पंपावर तर मी जातच नाही, मालकानं येऊ नको म्हणून सांगितलंय. आमच्या नाकाला डिझेल कळत नाही साहेब, मेलंय ते. वास येतोय का?”

येत होता, चांगलाच येत होता. मी त्याला बाहेर बाकावर बसवलं, दार लावलं, तरी वास हटेना. पांढरा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस डिझेलचा वास कुठून आणणार? हवालदार आणि मी दोघंही खोली हुंगत फिरू लागलो. अखेर कपाटामागून एक पिशवी निघाली. आत सैल बुचाची प्लॅस्टिकची बाटली, आणि बाटलीतल्या पाण्यावर तेलकट थर.

“हे काय आहे?”

हवालदारांचा चेहरा उतरला. “ती मावशी आली होती ना विहिरीची. पाण्याला वास येतो म्हणत होती. प्रदूषण मंडळाकडं पाठवायची म्हणून ठेवली होती.”

मावशीची विहीर पंपाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे. तिच्या खोल्यांमधले कामगारांचे संसार त्याच पाण्यावर चालत. विहिरीवर जुनं डिझेल इंजिन होतं, त्यामुळे सगळे इंजिनालाच नावं ठेवत होते. दोन तक्रारी एकाच ठाण्यात, एकाच खोलीत बसल्या होत्या आणि आम्ही मधल्या माणसाला घाम फोडत होतो.

मी मॅनेजरला आत बोलावलं आणि बाटली दाखवली. “तुमची टाकी गळतेय, असं दिसतंय. चोरी झालेलीच नाही.”

सुटलो, असं तो म्हणेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “त्या हिरीवर आता कुणी पाणी भरतंय का?” आणि सोबत आणलेला जेवणाचा डबा टेबलावरच टाकून पळाला.

आम्ही जीप काढून पोहोचलो, तोवर त्याने इंजिन बंद केलं होतं आणि विहिरीच्या तोंडावर उभा राहून हंडे परतवत होता. मावशी त्याच्यावर तुटून पडली होती. “मी बोंबलत व्हते तवा कुनी ऐकलं न्हाई. तू कोन रं पानी बंद करनारा?”

“टाकी आमचीच हाय, मावशी. माझ्या ताब्यातली.”

मी त्याला बाजूला घेतलं. टाकी त्याच्या ताब्यात होती हे जबाबात आलं, तर निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात तोही आरोपी होऊ शकतो, हे स्पष्ट सांगितलं. एका गुन्ह्यातून सुटून त्याला तासही झाला नव्हता.

“लिहा साहेब,” तो म्हणाला.

पंचांसमक्ष पाण्याचे नमुने सील केले. टाकी रिकामी करून खोदाई झाली. तळ गंजून फुटला होता आणि खालचा मुरूम काळा पडला होता. पाणी दूषित केल्याचा गुन्हा मालकांवर दाखल झाला. चोरीचा गुन्हा गैरसमजातून दाखल झाला होता, म्हणून कोर्टाला तसा अहवाल, म्हणजे ‘क’ समरी, पाठवून तो बंद केला. मालकांचंही मला कौतुक वाटलं. त्यांनी जबाबात स्वतःहून लिहून दिलं, “डिझेल कुठं जातंय, हे यानं मला आधीच विचारलं होतं. मीच ऐकलं न्हाई.” त्या ओळीमुळे मॅनेजर आरोपी न होता साक्षीदार झाला.

चोरी म्हटली की कुणी केली, हेच मी नोकरीभर आधी विचारत आलो होतो. त्यानंतर माल गेला कुठं, हे आधी विचारू लागलो. पण मला जास्त शिकवलं ते त्या पळत सुटलेल्या माणसाने. त्याच्यासारखं वागणं मला जमलं असतं का, याचं उत्तर आजही मी छातीठोक देऊ शकत नाही.

काळी माती उचलून नेली, विहीर पुन्हा पुन्हा उपसली, पण जमिनीत मुरलेलं तेल लवकर सुटत नाही. निवृत्तीनंतर मी एकदा मुद्दाम तिकडे गेलो. पिण्याचं पाणी मालकांच्या टँकरने येत होतं. मॅनेजर ड्यूटी संपवून विहिरीवर आला होता. त्याने बादली शेंदली आणि मावशीला हाक मारली. त्याच्या नाकाला कळत नाही, म्हणून वास तिनेच घ्यायचा असं दोघांचं ठरलेलं होतं.

मावशी वाकली. “हाय रं अजून. पर कमी झालाय.”

“उद्या येतो,” तो म्हणाला आणि ते पाणी त्याने जमिनीवर न सांडता तेलकट पाण्यासाठी ठेवलेल्या पिंपात ओतलं.