बावीस क्षणांची सवलत

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे ठोकळा म्हणतात. नाव मीच ठेवलंय, आणि ते त्याला शोभतं. दिवसभर तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत भिंगं घासतो. घरी आला की संगणकासमोर बसून चौकोनाला चौकोन जोडत माणसं काढतो. सात वर्षं एकच व्हिडिओ गेम बनवतोय, आमच्या लहानपणी असायचे तसा. मोजके रंग, टुणटुण वाजणारं संगीत, तीन जीव, आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून. "अरे, माणसांना खेळवायचंय की रडवायचंय?" असं विचारलं की म्हणायचा, "ताई, सोपं केलं की मजा गेली." मोठा आला शहाणा!

त्या गेममध्ये एक दिवेवाली आहे. हातात लांब काठी घेऊन ती मनोऱ्याच्या तुटक्या कठड्यांवरून उड्या मारत वर जाते, वटवाघळांना हाणते आणि वाटेतले दिवे लावते. एक दिवा लागला की मागचं जांभळं आकाश थोडंसं उजळतं. मी कितीही नाक मुरडलं तरी खरं सांगते, ते आकाश उजळताना माझा भाजी चिरणारा हात थांबायचा. कुठे आहोत, काय करतोय, काही सुचायचं नाही.

हा गेम खेळणारं माणूस एकच, आमची आई. तिने तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने अलगद बसवायची. मग कंपवात झाला आणि चमचासुद्धा धरवेना. ठोकळ्याने तिच्या हातात गेमचं पॅड दिलं ते अंगठ्याला व्यायाम म्हणून. पण बाईला असला नाद लागला, की दुपारी खिडकीशी बसली की जेवायलासुद्धा हाका माराव्या लागायच्या. तिला मनोऱ्याचं टोक बघायचं होतं.

सुरुवातीला ती दुसऱ्या मजल्यावरच पडायची. मग पाचव्या, मग नवव्या. एक दिवस ओरडलीच, "अगं ये, बाराव्यावर पोचले! हात वळायला लागला गं माझा." मला इतका आनंद झाला, की मी शेजारच्या काकूंनाही सांगून आले.

त्याच आठवड्यात तिची उशी झटकताना खाली कंपवाताच्या गोळ्या सापडल्या. आठ दिवसांच्या.

"मळमळतं त्यांनी," आई म्हणाली. "आणि हात सुधारलाय ना आता? पुढच्या महिन्यापासून पुन्हा घड्याळं दुरुस्तीला घेणार आहे मी. घड्याळाच्या दुकानदाराला कळवलंय."

डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी एक दिवस चुकली तरी महागात पडेल. मी ठोकळ्याला गाठून सगळं सांगितलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"ताई, हात नाही सुधारला. मी सवलत दिलीय."

मग त्याने समजावलं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. कड सुटली की दिवेवालीने लगेच पडायला हवं, पण त्याने तिला काही क्षण हवेतच चालत ठेवलं होतं, तेवढ्यात आईचा अंगठा बटणापर्यंत पोचावा म्हणून. आधी साठातले सहा, मग दहा, आता बावीस. "असल्या सवलतींना मीच हसायचो," तो म्हणाला.

"अरे गाढवा, तिच्या हाताला खोटं प्रमाणपत्र दिलंस तू! उद्या सांगायचं तिला. नाहीतर मी सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या पायाशी बसला आणि सगळं सांगून टाकलं. तिचा विश्वास बसेना. मग त्याने सवलत काढली आणि पॅड तिला दिलं. दिवेवाली पहिल्याच कडेवरून पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली आणि पडदा काळा झाला. मला वाटलं, कशाला तोंड उघडलं मी!

"म्हणजे ती मी नव्हतेच," आई म्हणाली.

"उडी तूच मारायचीस, आई. मी फक्त तुझी वाट बघायचो."

आईने पॅड बाजूला ठेवलं. मग माझ्याकडे वळली. "गोळी आण."

तोंड वेडंवाकडं करून तिने ती गिळली. पाणी सांडलं, ते मी पुसलं.

"घड्याळांचं त्या दुकानदाराला नाही म्हणून सांग," ती मला म्हणाली. मग ठोकळ्याला म्हणाली, "आणि तू, माझे बावीस परत घाल."

"तीस देऊ का?"

"बावीसच. फुकटचं नको मला. पण टोक बघितल्याशिवाय मी मरायची नाही, सांगून ठेवते."

ठोकळ्याने आकडा बदलला. जांभळ्या आकाशाखाली दिवेवाली पुन्हा निघाली, कडेपर्यंत गेली आणि कड सोडून पुढे चालू लागली. पायाखाली काहीच नव्हतं. आईचा अंगठा थरथरत बटणाकडे निघाला होता, आणि आम्ही दोघं श्वास रोखून त्याची वाट बघत होतो.