सागवानाची खुरपणी

मुक्ताबाईंना कुणी ‘हे तुमचं काम न्हाई’ म्हटलं, की ते काम झालंच म्हणून समजा. घाटनांदूरच्या बायकांची दूध संस्था त्यांनी अशीच हट्टानं काढली होती. संस्था होती, पण बसायला जागा नव्हती. बैठका रस्त्याकडेच्या लिंबाखाली व्हायच्या, आणि अध्यक्षीणबाई रंगात आल्या की नेमकी एखादी एसटी धुरळा उडवत जायची.

लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, त्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं कापसाच्या जुन्या जिनिंगची माडी द्यायला काढली. जमीन अख्खी सागवानी फळ्यांची, निजामाच्या काळातली. पण वंगणानं आणि कबुतरांच्या घाणीनं काळीठिक्कर पडलेली. माडी बायकांनी मागितली आणि आप्पारावांच्या पतसंस्थेनंही. सरपंचांनी सांगितलं, बायकांचा अर्ज आधी आलाय. अक्षय तृतीयेपर्यंत माडी बसण्याजोगी केली तर त्यांची, नाहीतर आप्पारावांची.

आप्पाराव माडी बघायला आले ते चपला फटकारत, थेट मधोमध.

“मुक्ताबाई, हे तुमचं काम न्हाई. सागवान काय शेणानं सारवणार व्हय? मिस्त्री बोलवा, न्हाई तर सोडा.”

“आमचं आमी बघू, आप्पा.”

बोलल्या खऱ्या, पण त्यांची नजर त्या चपलांवरून हलेना. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्या याच आप्पारावांच्या दारावरून जायच्या, तेव्हा वडील पायातली वहाण काढून हातात घ्यायचे. ती वहाण मुक्ताबाई कधी विसरल्या नव्हत्या. ही माडी त्यांना हवीच होती.

तरी अंगात नुसती हौस नव्हती. उगाच फळ्यांचं वाटोळं नको म्हणून विचारायला त्या अंबाजोगाईला बिभीषण मिस्त्रीकडे गेल्या. इकडे संस्थेतल्या केशरबाईला राहवलं नाही. सणाआधी जमीन धुवायची, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिनं बायका गोळा केल्या. एकेकीनं टँकरच्या वाट्यातली घागर आणली आणि भर दुष्काळात सगळी माडी पाण्यानं सपासप घासून काढली.

सकाळी फळ्यांनी कडा वर केल्या होत्या, भाजलेल्या पापडासारख्या.

मुक्ताबाई परतल्या त्या हे बघायलाच. तोंडाशी शिव्याच आल्या होत्या. पण केशरबाईचे कोरडे पडलेले ओठ दिसले. पिण्याचं पाणी ओतलं होतं बाईनं.

“कावून रडती गं? माडी काय वाहून गेली व्हय?” त्या एवढंच म्हणाल्या.

बिभीषण मिस्त्री फळ्या घासायचं मशीन घेऊन आला आणि डोक्याला हात लावून बसला. “बाई, फळ्या वल्ल्या हायत. आधी वाळू द्या. पर मशीन मी लावत न्हाई. असल्या उंचसखल फळीवर ते खड्डे पाडतंय. काचेच्या तुकड्यानं खरवडून मग जवसाचं तेल पाजलं तर जमंल. पर एकेक फळी बसून खरवडायची म्हणल्यावर माझा जलम जाईल.”

“तुमचा एकट्याचा जाईल,” मुक्ताबाई म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना रानच दिसायला लागलं होतं.

खिडक्या सताड उघडल्या. ज्या उन्हानं विहिरी आटवल्या, त्याच उन्हानं फळ्या खडखडीत वाळवल्या. कडा बऱ्याच खाली बसल्या. मग मुक्ताबाईंनी सगळ्यांना बोलावलं. रानात पाणी नाही म्हणून खुरपणी नव्हती, रोजगार नव्हता, हात शिवशिवत होते. फुटक्या काचेला चिंधी गुंडाळून एकेकीच्या हातात दिली आणि हाळी घातली, “धरा गं पात!”

रानात एकेकीनं पिकाची एकेक ओळ धरावी, तशी प्रत्येकीनं एक फळी धरली. उकिडवं बसून, खुरप्यासारखी काच ओढत रांग पुढे सरकू लागली. मागं राहील तिची टिंगल, पुढं जाईल तिला दम. मिस्त्री मशीनवर बसून बघत राहिला. शेवटी तोही बाही सारून एका फळीला बसला, आणि बायकांनी त्याला सगळ्यात मागं पाडला. काळ्याखालून मधासारखं लाकूड वर आलं. घरोघरच्या जुन्या लुगड्यांनी त्यावर जवसाचं तेल घासलं. पहिली फळी चमकली तेव्हा केशरबाई लहान पोरीसारखी टाळ्या पिटत नाचली.

अक्षय तृतीयेला माडीवर संस्थेची बैठक भरली. बायका पाय पसरून ऐसपैस बसल्या होत्या. मुक्ताबाई मधोमध.

जिन्यावर चपलांची फटफट वाजली. सरपंचांबरोबर आप्पाराव आले. त्यांनी आत पाहिलं, त्या लखलखत्या जमिनीकडे पाहिलं आणि उंबऱ्यावर थबकले. कुणी काही सांगितलं नव्हतं. आप्पाराव खाली वाकले आणि त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

मुक्ताबाईंना वडिलांची आठवण आली आणि डोळे भरून आले. पण आवाज खणखणीत निघाला.

“या आप्पा, बसा. जागा लई हाय.”