सुखदाचा डावा माऊस

सुखदा केतकर डावखुरी. पुण्याच्या शाळेत बाईंनी पट्टी मारून तिला उजव्या हातानं लिहायला लावलं, तेव्हा तिनं पाटीवर अक्षरच काढायचं सोडलं. शेवटी बाईच थकल्या. लग्नानंतर ती फरीदाबादला आली, पानिपतच्या चादरी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत लागली, तरी हात डावाच राहिला.

दोन हजार एक साली ऑफिसात नवं नेटवर्क आलं. आता कुणाची जागा ठरलेली नव्हती. रिकाम्या कॉम्प्युटरवर बसून आपलं नाव आणि पासवर्ड टाकला, की आपलीच स्क्रीन समोर येणार, असं सांगितलं होतं. सुखदाचा माऊस मात्र रोज सकाळी उजव्या हाताचा झालेला असे. ती बटणं उलटी करून घेई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नेटवर्क सांभाळणारा नेगी म्हणाला, "मॅडम, सीधे हाथ से चला लो ना. आदत हो जाएगी."

"पहले तुम उलटे हाथ से साइन करके दिखाओ!"

नेगी हसत सटकला. सुखदानं त्या दिवशी शेजारी बसलेल्या अरुणाला विचारलं. अरुणाला स्क्रीनवरची अक्षरं मोठी लागत. तीही रोज नव्यानं मोठी करायची.

"म्हणजे खोट माझ्या हातात नाही," सुखदा म्हणाली आणि तिला घेऊन नेगीसमोर उभी राहिली. तेव्हा त्यानं सांगून टाकलं. लोक स्क्रीनवर नट्यांचे फोटो लावतात, म्हणून मॅनेजर सबनीससाहेबांनी सगळ्यांच्या सेटिंगला कुलूप घालायला लावलं होतं. काहीही बदला, लॉग-ऑफ केलं की पुसलं जायचं.

सुखदा तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

सगळं ऐकून साहेब म्हणाले, "तुमच्या एकटीसाठी नियम बदलू?"

"नियम गेल्या महिन्यातला आहे सर, हात जन्मापासूनचा आहे. आणि मी एकटी नाही, अरुणालाही त्रास होतोय."

"नाही बदलला तर?"

"तर मी रोज आधी माऊस फिरवीन, मगच कामाला हात लावीन. आणि रोज तुमच्याकडे येईन."

साहेबांनी नेगीला फोन लावला. "फोटो बंदच ठेव. बाकी सगळं खोल."

सुखदानं बटणं बदलली, लॉग-ऑफ केलं आणि सकाळी मुद्दाम दुसऱ्याच कॉम्प्युटरवर बसली. माऊस डावाच होता. तेवढ्यावर विश्वास न ठेवता तिनं आणखी एका मशीनवर बसून पाहिलं, आणि मग हाक मारली, "अरुणा, ये गं. आता तुझी अक्षरं बघू."