गार्डाची जागा

अमळनेरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जब्बारचं सीट कव्हरचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक मशीन, रेक्झिनचे चार-पाच गुंडाळे आणि दाराला टांगलेल्या जुन्या सीटा. पण खान्देशातल्या हौशी मोटारसायकलवाल्यांपैकी निम्म्यांची बैठक जब्बारच्या शिलाईवर आहे, आणि हे तो कोणालाही ऐकवायला मागेपुढे बघत नसे. "तुम्ही पन्नास हजाराची गाडी घ्या नाहीतर पाच लाखाची, बसायचं माझ्यावरच," असं म्हणून तो स्वतःच आधी हसायचा.

दर हिवाळ्यात या हौशी लोकांची रॅली निघते. आदल्या दिवशी रावेरच्या पुढे हेमराजच्या केळीच्या बागेत मुक्काम, आणि सकाळी सातपुड्याच्या पायथ्यानं यावल, चोपडा, मग तापी ओलांडून अमळनेर आणि शेवटी धुळे. रॅली म्हटलं की जब्बार आलाच, आणि जब्बार म्हटलं की सगळ्यांत शेवटची गाडी त्याची. आगगाडीला जसा गार्डाचा डबा, तसा रॅलीला जब्बार. लोक त्याला गार्डच म्हणत. कोणाचं पंक्चर झालं, कोणी घसरलं, कोणाचं पेट्रोल संपलं, की तो आपली राजदूत फटफटवत मागून येणार, थांबणार आणि त्याला घेऊनच पुढे जाणार. "मागे जब्बार आहे" एवढ्या भरवशावर लोक बिनघोर गाडी हाणत. असा भरवसा काही विकत मिळत नाही. त्याला तो वर्षानुवर्षं उन्हातान्हात थांबून मिळाला होता.

मग डोळ्यांचं दुखणं निघालं. सुरुवातीला त्याला वाटलं, नंबर वाढला असेल. धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती ड्रॉपनं सांभाळायची. "समोरचं दिसतंय म्हणून फसू नका," डॉक्टर म्हणाले. "यात आधी बाजूचं जातं, आणि गेलेलं कळतही नाही. गाडी बंद करा." जब्बारनं मान डोलावली, ड्रॉप घेतले आणि गाडीला किक मारून घरी आला.

बायकोला, हसीनाबीला, त्यानं ड्रॉपचं सांगितलं आणि गाडीचं गिळलं. पण ती काही दुधखुळी नव्हती. दुकानातली सुई हल्ली तीच ओवून देत होती, आणि पलंगाजवळच्या स्टुलाला नवरा रोज कसा अडखळतो, हे तिला दिसत होतं.

गंमत अशी, की शेवटच्या जागेनं त्याला सांभाळून घेतलं. पुढचे लोक रस्ता मोकळा करत जातात. शेळी असो, ट्रॅक्टर असो, जे काय आडवं यायचं ते आधी त्यांना येतं. शेवटच्यानं फक्त पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून चालायचं. समोरचा तेवढा तुकडा जब्बारला चांगला दिसायचा. कोणाची गाडी नेमकी रस्त्यावर बंद पडलेली असली तर तीही दिसायची. दोन रॅल्या त्यानं अशा निभावल्या, आणि निभल्या म्हणून त्याला वाटायला लागलं की डॉक्टर लोक घाबरवतातच. माणसाला जे सोडवत नाही, त्याच्यासाठी तो स्वतःची समजूत काढायला फार हुशार असतो.

यंदाही तो धुळ्याच्या रूपालीच्या गाडीचा दिवा धरून रावेरला पोचला. रूपाली शाळेत शिकवते आणि सुटीत बुलेट हाकते. बागेच्या कडेला तंबू ठोकणं चाललं होतं. जब्बार हेल्मेट काढून पुढे निघाला आणि पहिल्याच तंबूच्या दोरीला अडकून आडवा झाला.

"चाचा, अहो आत्ता कुठे चहा टाकलाय, आणि तुम्हाला आधीच चढली?" हेमराज ओरडला. सगळे हसले. जब्बारही हसला. गुडघ्याची माती झटकताना त्याला आतून भीती वाटली, पण हसू त्यानं उतरू दिलं नाही.

दुपार ढळल्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला घातली. खान्देशातल्या माणसाला हिवाळ्यात चार जण आणि चार पऱ्हाट्या मिळाल्या की तो भरीत केल्याशिवाय उठत नाही. तेवढ्यात जीप आली आणि तिच्यातून काठी टेकत झुलालभाऊ उतरले. धुळ्याजवळच्या खेड्यातले हे शेतकरी म्हणजे रॅलीचे कारभारी. पहिल्या वर्षी दोनच गाड्या निघाल्या होत्या, पुढे झुलालभाऊ आणि मागे जब्बार. तेव्हापासून पुढची जागा त्यांची. पुढचा हात खाली करतो, तेव्हा मागचे सगळे हात खाली करतात. त्यानं डावा पाय काढला, की डावीकडे खड्डा आहे असं शेवटच्याला कळतं. थोडक्यात, डोळे पुढच्याचे आणि गाड्या सगळ्यांच्या.

झुलालभाऊ बाजेवर टेकले. "मना गुडघा आते मनं ऐकत नही," ते म्हणाले. "डॉक्टरनी नवा बसाडा. गाडी बंद. म्हनीसन औंदा पुढे जब्बार जाई."

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. जब्बारच्या हातातलं वांगं राखेत पडलं.

"नही भाऊ," तो म्हणाला. "माले मांगेच राहू द्या."

"ऐका! नवरदेव बी इतका लाजत नही!" झुलालभाऊ सगळ्यांना म्हणाले.

"मी खरंच सांगस भाऊ. माले नही जमाव."

आता आपल्याकडची रीत अशी, की पाहुण्यानं नको म्हटलं की पानात आणखी दोन भाकरी पडतात. नको म्हणणं हा मानाचा भाग, आणि ते न ऐकणं हा प्रेमाचा. जब्बार जितक्या कळकळीनं नाही म्हणाला, तितका लोकांना तो मोठा वाटत गेला. हेमराजनं त्याच्या खांद्याला धरून हलवलं. रूपाली म्हणाली, "चाचा, इतकी वर्षं आमची धूळ खाल्लीत, आता आम्हाला तुमची खाऊ द्या." यावर काय बोलणार माणूस? एक वाक्य होतं, त्यानं सगळं तिथेच थांबलं असतं. ते त्याच्या घशापर्यंत आलं होतं.

पण खोटं कशाला बोला, त्याला मोहही पडला. रॅली अमळनेरातून जाते. त्याच्या गल्लीच्या तोंडावरून जाते. दरवर्षी नात आयत दारात उभी राहते, सगळ्या गाड्या मोजते आणि अगदी शेवटी आजोबा येतात. उद्या ते सगळ्यांच्या पुढे आले असते. शिलाई मशीनवर पाठ वाकवून म्हातारा झालेल्या माणसाला आयुष्यात एकदा गावातून पुढे जावंसं वाटलं, तर त्याला नावं तरी कशी ठेवावीत? वाक्य घशातून परत खाली गेलं.

त्यानं केळीच्या ओळीत शिरून घरी फोन लावला. "उद्या आगे मैं हूँ," तो म्हणाला.

 पलीकडून हसीनाबी म्हणाली, "सुई में धागा मैं डाल के देती, और आगे की गाडी तुम चलाते? बोले क्या उनको?"

"बोलता हूँ," जब्बार म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

नवीन माणूस पुढे असला की मुक्कामाच्या दिवशीच रंगीत तालीम करतात. शेतरस्त्यानं डांबरी रस्त्यापर्यंत जायचं, मारुतीच्या देवळाला वळसा घालायचा आणि बागेच्या पलीकडच्या पाऊलवाटेनं परत. पंधरा मिनिटांचं काम. ऊन उतरलं होतं आणि गाड्या ओळीत लागल्या होत्या. जब्बारनं मनाशी ठरवलं, ही चक्कर मारून बघू. नाही जमलं तर आल्या आल्या सांगून टाकू.

आणि जमलं की! रस्ता समोर सरळ होता. खड्डा दिसला, त्यानं पाय काढला. दगड दिसला, त्यानं हात केला. थंड वारं तोंडावर येत होतं, कानांत फक्त राजदूतची फटफट होती आणि पुढे कोणाची धूळ नव्हती. इतक्या वर्षांत त्याला ठाऊकच नव्हतं, की पुढच्याला रस्ता असा स्वच्छ दिसतो. मावळतीचं ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा क्षणभर सगळं पांढरं झालं, पण तेही सरलं. देवळाला वळसा घालताना त्यानं हात वर करून सगळ्यांना वळण दाखवलं. आरशात त्यानं एकदाही पाहिलं नाही. त्याला सवयच नव्हती. त्याच्या मागे कधी कोणी असायचंच नाही.

तो तळावर परतला, गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं. गालातल्या गालात हसत होता. "जमनं, भाऊ," तो बाजेवरच्या झुलालभाऊंना म्हणाला. "उगाच घाबरी राहिंथू मी."

झुलालभाऊ त्याच्याकडे बघत नव्हते. ते त्याच्या मागच्या रस्त्याकडे बघत होते.

"बाकीना कोठे शेतस?" त्यांनी विचारलं.

जब्बार वळला. पाऊलवाट मोकळी होती. धूळसुद्धा उडत नव्हती. त्याला वाटलं, कोणाची तरी गाडी बंद पडली असेल, आणि सवयीनं तो किक मारायला निघालाही. तेवढ्यात शेतरस्त्यानं, म्हणजे गेल्या वाटेनंच, गाड्या परत येताना दिसल्या. सगळ्या सावकाश येत होत्या. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. रूपालीच्या बुलेटचा पुढचा दिवा फुटला होता आणि तिच्या मागे एक बाई बसली होती.

ती वच्छलाबाई, शेजारच्या शेतात निंदायला येणारी. अंग चिखलानं भरलेलं, कोपरातून रक्त. हेमराजनं तिला हात धरून उतरवलं आणि पाणी दिलं. 

"डोक्यावर गवताचा भारा होता माझ्या," ती म्हणाली. "बागेतून रस्त्यावर पाय टाकला. हे बाबा सरळ अंगावर. हॉर्न नाही, ब्रेक नाही. मी पाटात उडी मारली म्हणून वाचले, नाहीतर गेले होते."

रूपालीनं तिला पाहून ब्रेक दाबला तशी बुलेट घसरली, मागची गाडी तिच्यावर आदळली आणि सगळी ओळ तिथेच थांबली. पुढची फक्त एक गाडी थांबली नाही. ती हात दाखवत दाखवत निघून गेली होती.

सगळे जब्बारकडे बघत होते. अजून कोणी रागावलं नव्हतं. त्यांना कळत नव्हतं एवढंच.

"जब्बार," झुलालभाऊ म्हणाले, "तुले ती बाई दिसनी नही का?"

"कोनती बाई?" जब्बार म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं. वच्छलाबाई त्याच्या डावीकडे, दोन हातांवर उभी होती. तिचा आवाज तो ऐकत होता, पण झुलालभाऊंकडे तोंड करून उभ्या असलेल्या त्याला ती आत्ताही दिसत नव्हती. त्यानं पूर्ण मान वळवली तेव्हा तिचा चिखलानं माखलेला चेहरा एकदम समोर आला आणि तो दचकला. त्याचं ते दचकणं सगळ्यांनी पाहिलं. आणखी काही सांगायची गरजच उरली नाही.

तरी त्यानं सांगितलं. काचबिंदू, धुळ्याचे डॉक्टर, ड्रॉप, सगळं. वच्छलाबाईपुढे हात जोडले. तिनं मान फिरवली. तिचं काय चुकलं? शरमेनं जब्बारचं अंग जळत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं. आता ओरडतील, शिव्या देतील, आणि मग कोणीतरी खांद्यावर हात ठेवील, अशी त्याला आशा होती.

"कव्हापाईन?" झुलालभाऊंनी विचारलं.

"दोन वरीस व्हई गयात."

झुलालभाऊंनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. गेल्या दोन रॅल्या त्यांच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. त्यांत डोंगरकडेची वळणं होती, कडेचे खोल चर होते, आणि मागे जब्बार आहे म्हणून एकदाही मागे वळून न पाहिलेले पंचवीस-तीस जण होते. एखादा वळणावर बाजूच्या खड्ड्यात गेला असता, तर जब्बार लाल दिवा धरून त्याच्या शेजारून निघून गेला असता, आणि धुळ्यात पोचेपर्यंत कोणाला पत्ताही लागला नसता.

"मंग दोन वरीस आम्हना मांगे कोन व्हतं रे?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारावं तसं त्यांनी विचारलं.

 जब्बार थांबायचा, तेव्हा खरंच थांबायचा. पण हे आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

"कोनी नही व्हतं, भाऊ," तो म्हणाला.

पलीकडे कोणीतरी वांगी उलटायला गेलं. रूपाली फुटलेल्या दिव्याच्या काचा वेचायला लागली. जब्बारनं राजदूतची किल्ली काढली आणि झुलालभाऊंपुढे धरली. इतक्या वर्षांची दोस्ती. ते हात मागे सारतील, उद्या बघू म्हणतील, असं त्याला अजूनही वाटत होतं. झुलालभाऊंनी किल्ली घेतली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वरून बटण लावलं.