कागदावर नसलेली बायको

आसुबोआ गावात टिवाचा आवाज न आवडणारी माणसं पुष्कळ होती, पण तो कानावर न पडता दिवस सुरू करणारं कुणीच नव्हतं. पहाटे साडेपाचला बाजारातल्या खांबावरचे चार भोंगे खरखरले की टिवा सांगू लागायची. कुणाची शेळी हरवली, लस टोचणारी नर्स कोणत्या वारी येणार, गुरुवारी भूमीला विश्रांती असताना कुणी शेतात कुदळ मारली, कोण मेलं, आणि शनिवारी गटार उपसायला कोण कोण आलं नाही. हे शेवटचं ती नावानिशी सांगायची आणि नाव घेताना जरा थांबायची, म्हणजे झोपेत असलेल्यालाही आपलं नाव चुकू नये.

खांबाखाली पत्र्याची खोली होती. तिच्यात एक टेबल, एक माईक आणि गावसमितीचं जुनं यंत्र. तिथं टिवाची एकोणीस वर्षं गेली होती. दुपारी ती केळी तळून विकायची, पण लोक तिला ओळखायचे ते भोंग्यामुळे. तिचा कायदा साधा होता. कागद आणायचा, खाली सही नाहीतर अंगठा हवा, आणि कागदावर असेल ते ती वाचणार. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. लोकांनी अंडी आणून पाहिली, कंद आणून पाहिले, रडून पाहिलं. टिवा म्हणायची, मी वाचते, शिजवत नाही. अशा बाईला मैत्रिणी कुठून असणार? एक शेजारीण होती, आमोआकोआ, आणि तीही अर्धा वेळ रुसलेली.

तिच्यावर सगळ्यात जुना डूख होता कुसीचा. कुसी म्हणजे तिचा नवरा बादू याच्या आईकडच्या घराण्याचा कारभारी. घराण्यातलं लग्न, मरण, भांडण, सगळं त्याच्या ओसरीवर ठरायचं. गटाराच्या कामाला मात्र तो कधी फिरकत नसे, आणि दर महिन्याला त्याचं नाव भोंग्यावर यायचं. अकरा वर्षांपूर्वी एकदा तो संध्याकाळी पांढरी कोंबडी घेऊन टिवाकडे आला, इकडचं तिकडचं बोलला आणि कोंबडी दारात ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे टिवानं समितीच्या अध्यक्षाचा अंगठा घेऊन सांगितलं की एक पांढरी कोंबडी माझ्या दारात आढळली आहे, मालकानं ओळख पटवून घेऊन जावी. तिच्या पाठोपाठ गटाराची यादी वाचली. गाव आठवडाभर हसत होतं. कुसी हसला नाही, आणि कोंबडी न्यायलाही आला नाही.

बादू या सगळ्यापासून लांब असायचा. तो सुतार होता, मुलखाचा अबोल. टिवा भोंग्यावर बोलून दमलेली, तो मुळातच गप्प. दोघं एका ताटात जेवायची ती न बोलता, आणि दोघांनाही त्यात बरं वाटायचं. बावीस वर्षं असा संसार झाला. मूल झालं नाही. त्यावरून बादूच्या आईनं, म्हाताऱ्या दुफीनं, टिवाशी धड बोलणं केव्हाच सोडलं होतं.

एका गुरुवारी बादू रंधा मारता मारता बाकावरच कलंडला आणि गेला. त्याला तालुक्याच्या शवागारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कुसी पत्र्याच्या खोलीत आला आणि त्यानं टेबलावर कागद ठेवला. टिवा काळ्या कपड्यांत बसली होती. तिनं वाचायला घेतलं. आसुबोआच्या सर्व रहिवाशांना दुःखानं कळवण्यात येतं की सुतार यॉ बादू यांचं निधन झालं, पुढच्या शनिवारी दफन, कारभारी अमुक, आई अमुक, बहिणी अमुक, भाचे अमुक. त्याखाली लिहिलं होतं, पत्नी : कोणी नाही.

"भाऊजी, इथं चूक झालीय," टिवा म्हणाली.

"चूक नाही. आणि भाऊजी कुणाला म्हणतेस? लग्नाची बाटली तुझ्या मामाच्या घरी पोचली होती का? असेल तर साक्षीदार उभा कर."

आमच्याकडे मुलाच्या घरून मुलीच्या मामाकडे दारूची बाटली गेली आणि त्यानं ती उघडली की लग्न झालं. न गेली तर बाई चाळीस वर्षं नांदली तरी पाहुणी. टिवाच्या लग्नात ती बाटली कुसीनंच नेली होती. मामाच्या ओसरीवर पहिला घोट त्यानंच घेतला होता आणि आणखी मागितला होता. पण मामा मेला होता, आणि दुसरा साक्षीदार कोकोच्या मळ्यात कामाला म्हणून सरहद्दीपलीकडे गेला तो परतलाच नव्हता. हे सगळं कुसीला ठाऊक होतं. म्हणून तर तो इतका निवांत उभा होता.

"खाली माझा अंगठा आहे," तो म्हणाला. "तूच सांगतेस ना गावाला, कागदावर असेल तेच? मग वाच."

नुसतं नाव गाळलं असतं तरी चाललं असतं. गावानं विसरले म्हणून सोडून दिलं असतं. पण द्वेष भरलेल्या माणसाला गाळून समाधान होत नाही, त्याला लिहून दाखवावं लागतं.

शनिवारी पहाटे टिवानं तो कागद वाचला. आवाज कापला नाही. "पत्नी, कोणी नाही," असं तिनं स्वतःच्या तोंडानं चार भोंग्यांतून सगळ्या गावाला सांगितलं आणि पुढं लसीची सूचना घेतली. बाहेर विहिरीवर बायका कळशा धरून उभ्या राहिल्या. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशी तेच.

तिसऱ्या दिवशी आमोआकोआ आली आणि म्हणाली, "अगं, ती एक ओळ गिळून टाक. कोण बघायला येणार आहे?"

टिवानं मान हलवली. मागच्या वर्षी पाथरवटाच्या मरणाच्या कागदात त्याच्या धाकट्या मुलीचं नाव गाळलं होतं. पोरगी खोलीच्या दारात उभी राहून विनवण्या करत होती आणि टिवानं कागद होता तसा वाचला होता. पोरीनं तिला नाही नाही त्या शिव्या घातल्या होत्या. "बरोबर घातल्या तिनं," टिवा म्हणाली. "हे आता कळतंय मला. पण तिचं नाव घातलं नाही आणि स्वतःचं घातलं, तर मी कोणत्या तोंडानं इथं बसू?"

आमोआकोआ चिडून निघून गेली. असल्या बाईला मदत करणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, असं तिनं वाटेत चौघींना सांगितलं.

रोज दुपारी घरी जाऊन टिवा पत्र्याची ट्रंक उघडायची. दफनाचं बायकोनं द्यायचं सामान तिनं पहिल्याच दिवशी जमवलं होतं. नवी चटई, पांढऱ्यावर निळ्या रेघांचं कापड, टॉवेल, रुमाल, आणि स्वतः शिवून सावरीचा कापूस भरलेली उशी. तिला दुसरं काहीही नको होतं. घर नको, शेत नको, कुणाचं सांत्वन तर नकोच. बादूला आपल्या हातानं नेसवावं, डोक्याखाली ती उशी ठेवावी आणि बायको म्हणून त्याला पाठवावं, एवढंच हवं होतं. पण नेसवायला बायको लागते, आणि बायको नव्हती हे तीच दिवसातून दोनदा सांगत होती. तिला कुसीचा इतका राग यायचा की ट्रंकेचं झाकण ती आपटून लावायची.

पुढच्या शनिवारी सकाळी शवागारातून बादू आला. कुसीच्या अंगणात मांडव घातला होता, काळ्या-तांबड्या कपड्यांत सारं गाव बसलं होतं. बर्फाच्या लाद्यांवर बादूला ठेवलं होतं. गावच्या राजाचा बोलका, म्हणजे राजाच्या वतीनं बोलणारा म्हातारा, काठी टेकत उठला आणि रीतीप्रमाणे त्यानं विचारलं, बायकोचं सामान आलं का?

कुसीनं घसा साफ करून सांगितलं की बायको नाही, तसं गावाला आठवडाभर कळवलं आहे, आणि नेसवायचं काय ते घराणंच बघेल.

बोलका म्हणाला, रक्ताच्या माणसांनी त्या सामानाला हात लावायचा नसतो, हे कारभाऱ्याला मी सांगायला हवं का? बायको नाही, तर बादू एकटा मेला असं धरायचं. एकट्या माणसाला आसुबोआत घराण्याच्या मोठ्यांशेजारी जागा नाही. त्याला कुंपणाकडेला पुरतात, ज्यांचं काही झालंच नाही अशा पोराटोरांत. तेव्हा खड्डा तिकडे खणायला सांगा.

टिवाचं नाक ठेचायच्या भरात कुसीनं आपल्याच माणसाची जागा घालवली होती. तो काहीतरी पुटपुटू लागला, एवढ्यात म्हातारी दुफी भिंतीला धरून उभी राहिली.

"बाटली तूच नेलीस, कुसी," ती म्हणाली. "मी फडक्यात बांधून दिली होती. परत आलास तेव्हा तुला धड चालता येत नव्हतं." मग ती खाली बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आठ दिवस मी गप्प बसले, कारण मला नातू मिळाला नाही. पण माझा मुलगा कुंपणाकडेला जाणार नाही. जा, आण तिला."

टिवा पत्र्याच्या खोलीत होती. दफनाला जायला तिला तोंड नव्हतं आणि घरी बसवत नव्हतं. ट्रंक मात्र तिनं पायाशी आणून ठेवली होती. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कुसी दारात आला. त्याच्या एका हातात नवी बाटली होती, दुसऱ्या हातात नवा कागद. मागं निम्मं गाव होतं.

"चल," तो म्हणाला. "सामान घेऊन चल. म्हातारी थांबलीय."

"कुणाचं सामान, कारभारी?"

"आता तोंड चालवू नकोस. हा घे कागद, तुझं नाव घातलंय. अंगठा दिलाय. वाच आणि चल."

टिवानं कागद घेतला, नीट वाचला, घडी घातली आणि त्याला परत दिला. "हा मी वाचणार नाही," ती म्हणाली. अंगठा असूनही एकोणीस वर्षांत तिनं परत केलेला हा पहिला कागद.

कुसीचा आवाज चढला. तिकडे ऊन वर येतंय, तो म्हणाला, बर्फाचं पाणी झालंय, माणूस खराब होईल, बायको म्हणवतेस आणि एवढीही माया नाही? हे मात्र टिवाला लागलं. तिनं टेबलाची कड धरली. क्षणभर वाटलं, द्यावं सगळं सोडून, घ्यावी ट्रंक आणि पळत सुटावं. पण बादूला तिथं तापत ठेवणारा हाच माणूस तिला माया शिकवत होता, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"चौदा वेळा मला नवरा नव्हता असं तुम्ही माझ्याच तोंडून वदवलंत," ती म्हणाली. "आता आहे असं तुमच्या तोंडून सांगा. ऊन चढतंय तर लवकर सांगा." तिनं यंत्राचं बटण दाबलं आणि उठून खुर्ची मोकळी केली.

कुसीनं मागं वळून पाहिलं. मागच्या लोकांपैकी कुणीही त्याच्या बाजूनं बोललं नाही. तो बसला. माईककडे त्यानं असं पाहिलं, की जणू तो चावेल.

"आसुबोआकरांनो," तो म्हणाला, आणि थांबला. "यॉ बादूला बायको आहे."

"नाव," टिवा म्हणाली.

"टिवा."

"बाटली कुणी नेली?"

कुसीच्या मानेच्या शिरा फुगल्या. "मी नेली," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला. वरच्या वाडीत ऐकू जात नाही."

त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागलं. तो सांगत असतानाच टिवानं ट्रंक डोक्यावर घेतली, आणि त्याचं बोलणं पुरं व्हायची वाट न बघता ती बादूला नेसवायला निघाली.