डावीकडे आठ, उजवीकडे सात

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सांगली सोडली. गाडीत मी, माझी बायको शैला, शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे आणि पंधरा मीटरची टेप. टेप पाहून शैला म्हणाली, "माहेरी निघालोय आपण, प्लॉट बघायला नाही." मी टेप सीटखाली सरकवली; घरी ठेवली नाही.

विट्याला कांदाभजी खाल्ली, प्रत्येकी एक प्लेट, आणि नंतर आणखी एक दोघांत. पुढे ऊस मागे पडला, माळ सुरू झाले, मेंढरं रस्त्यात आली. औंधच्या अलीकडे डावीकडे वळलो आणि मीटरवर ८१.४ किलोमीटर झाले तेव्हा शैलाचं गाव आलं. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, त्याचं कारण शेवटी कळेल.

या गावाला सरदारांची जुनी बाग आहे. माझा मेहुणा संपत तिथे माळी आहे. बाग आता सरदारांच्या नातीच्या नावावर आहे. त्या पुण्याला असतात आणि गाव त्यांना बाईसाहेब म्हणतं. कोणीतरी त्यांना सुचवलं होतं की कोरडा हौद बुजवून लग्नांसाठी लॉन करा. संपतनं हातापाया पडून हौदातली बंद कारंजी दुरुस्त करायला चार महिन्यांची मुदत मागून घेतली होती. ती त्याच दिवशी सकाळी अकराला संपणार होती, आणि बाईसाहेब स्वतः बघायला येणार होत्या. कारंजी उडाली तर बाग राहील, नाही तर सोमवारी हौदात मुरूम पडेल. संपतनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दाजी, टेप घेऊन या." त्यामुळे सीटखालची टेप ही काही माझी एकट्याची चूक नव्हती.

बाग मी लग्नानंतर एकदाच पाहिली होती, सव्वीस वर्षांपूर्वी. गावच्या नव्या जावयाला इथे आणून भिजवायची पद्धत आहे. पण आमचं लग्न दुष्काळी उन्हाळ्यातलं. हौदात शेळ्या बसल्या होत्या. मी कोरडाच परतलो, आणि कसं भिजवतात हे विचारायचं राहून गेलं. बादलीनं भिजवत असतील असं मी धरून चाललो होतो.

या वेळी फाटकातून आत शिरलो आणि थांबलोच. डोंगराच्या पोटाशी पाच टप्पे, एकावर एक. मधोमध पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा पाण्याचा पाट, त्यात माशाच्या खवल्यांसारख्या कोरलेल्या तिरप्या शिळा, म्हणजे पाणी खळाळत यावं. खाली अष्टकोनी हौद. डावीकडे दगडी हत्ती तर उजवीकडेही हत्ती. डावीकडे चाफा तर उजवीकडेही चाफा. फक्त मेंदी कापून केलेल्या दोन मोरांपैकी एकाचा पिसारा कोण्या माळ्याच्या हातून जास्त कापला गेला होता. तो आता कोंबडा झाला आहे.

हौदाकडे जाणारी वाट दूरवर गेलेली दिसत होती. मी अंदाज केला, दोनशे फूट. टेपनं भरली एकशे एकतीस! मला टेपचाच संशय आला. मग वाटेची रुंदी मोजली. सुरुवातीला नऊ फूट, शेवटी साडेसहा. वाट निमुळती करत नेली की ती लांब वाटते. दोनशे फुटांची ऐट एकशे एकतीस फुटांत! मला इतकं हसू आलं की शैलानं मागे वळून पाहिलं. दगडचुन्याची बाग माणसाला इतक्या साळसूदपणे फसवू शकते, हे मला ठाऊक नव्हतं.

संपत हौदाशी चिखलात उभा होता. कठड्यावर शैलाचे चुलते अण्णा तंबाखू मळत बसले होते. त्यांनी तरुणपणी याच बागेत माळीकाम केलं आहे.

"या पाव्हणं," अण्णा म्हणाले. "कोरडंच आलासा व्हय?"

"दुष्काळी भागात पाणी उडवायचं, हे बरोबर वाटतं का अण्णा?" मी मनातलं विचारलं.

"आवं, वाया कुठं जातंय? आधी नाचतंय, मग राबतंय. हौदातनं पाटात, पाटातनं आंब्याला. लय शाणी हुती ती मान्सं."

पावणेदहाला संपतनं वरच्या टाकीची झडप उघडली. पाट खळाळला. आणि कारंज्यांच्या दगडी कमळांतून पाणी आलं ते चार बोटं उंच. म्हातारा चूळ टाकतो तसं.

संपत धावत खाली आला आणि कमळांत बोट घालून बघू लागला. "चार म्हैनं, दाजी. खापरी नळ एकेक काढून धुतला. आता काय करू?"

पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन आम्ही टप्प्याटप्प्यानं उंची मोजली. टाकी हौदापेक्षा सत्तावीस फूट वर. म्हणजे पाण्यानं उडायलाच हवं होतं. कुठे गळती नाही, कुठे ओल नाही. मग मला करता येण्यासारखं एकच काम उरलं. मी कमळं मोजली.

"पंधरा," मी म्हणालो.

"पंधराच हायेत."

"डावीकडे आठ, उजवीकडे सात."

"दाजी, हिशेब ऱ्हाऊ द्या की आता! साडेधा झालं!"

"संपत, ज्यानं हत्तीसमोर हत्ती ठेवला, तो एक कमळ विसरेल?"

डावीकडच्या आठव्या कमळापासून सरळ रेषेत टेप धरली. उजवीकडे बरोबर त्याच जागी एक दगडी आसन होतं, मधोमध रुपयाएवढं भोक असलेलं. मी समजत होतो, पावसाचं पाणी निचरायला असेल. आसनाखाली हात घातला तर चिंध्या गुंडाळलेला लाकडी गुट्टा (भोकात ठोकलेलं बूच) लागला. शेवटचं तोंड असं बंद, म्हणजे नळात कोंडलेली हवा बाहेर पडायला वाटच नव्हती.

मी वाकून ओढला. हलेना.

"उभ्यानं न्हाई निघायचा," अण्णा म्हणाले. "बसून वडा, पाव्हणं. चांगलं ऐसपैस बसा."

मी ऐसपैस बसलो, पायांच्या मधून हात घातला आणि ओढला. आधी आसनातून म्हैस फुरफुरावी तसा आवाज आला. मग गाळ आला. मग एक बेडूक, माझ्या आधी घाबरलेला. आणि मग पाणी! ते मला बाजूला सारून वर गेलं आणि डोक्यावर परत आलं. त्याच क्षणी बाकीची पंधरा कमळं एकदम उसळली, पुरुषभर, दीड पुरुष! हत्तींच्या सोंडा सुटल्या. संपत हौदात नाचत होता. शैला हसून हसून कोंबड्याला धरून उभी होती.

"अण्णा, तुमाला म्हाईत हुतं?" संपत ओरडला.

"हवंचं न्हाई म्हाईत. आसनाचं म्हाईत हुतं. पर ते जावयाला सांगायचं नसतंय."

"मला तरी सांगायचं!"

"तू शैलाआक्काला सांगिटलं असतंस, आक्कानं ह्यांना. सव्वीस वर्सं दम धरलाय म्या, लेका!"

हा गोंधळ चालू असतानाच बाईसाहेब आल्या. अकराला पाच मिनिटं कमी होती. मी ठिबकत उभा राहिलो. त्यांनी कारंज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे कोण?"

"गावचं जावई," अण्णा म्हणाले. "जरा उशिरानं भिजलं."

बाईसाहेबांनी पदर तोंडाला लावला. त्या बराच वेळ हौदाभोवती फिरल्या, आंब्यांपर्यंत जाऊन पाणी पोचतंय का तेही पाहून आल्या. परत येऊन त्यांनी तिथेच फोन लावला आणि म्हणाल्या, "मुरूम पाठवू नका. सोमवारी नको, कधीच नको." संपतनं चिखलाच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे तो आणखीच मजेदार दिसू लागला.

दुपारी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाची गोडसर दाट पेज). मी दोन वाट्या प्यायलो, संपतच्या लुंगीत बसून. येताना कपडे ओलेच होते, म्हणून सीटवर खताचं रिकामं पोतं अंथरलं होतं. मीटरवर परत ८१.४.

आयुष्यभर मी मोजत आलो ते चूक होऊ नये म्हणून. ही बाग बांधणाऱ्यांनीही इंच न् इंच मोजला होता, पण कुणाला तरी हसू यावं म्हणून. मोजमापाचा असाही उपयोग असतो, हे मला पोत्यावर बसून कळलं.

आमच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. होणारे जावई अभियंता आहेत, माझ्याहून काटेकोर. परवा त्यांनी फोनवर विचारलं, "बाबा, त्या बागेत कारंजी एकूण किती आहेत?"

आयुष्यात पहिल्यांदाच मी समजून उमजून चुकीचा आकडा सांगितला.

"पंधरा," मी म्हणालो. "पण तुम्ही स्वतः मोजून खात्री करा."