आडनाव ऐकल्यावर

मंडळी, सकाळपासून कामात मन लागंना, म्हणून इथं लिहून राहिले.

देगलूरजवळ आमच्या शेतात पाव्हण्यांसाठी दोन खोल्या आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. औंदा विहीर आटलीय. तरी काल आलेल्या कुटुंबासाठी टँकरच्या पाण्याचे दोन ड्रम राखून ठेवले होते. रात्री ते बाहेर जेवूनच आले.

सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. मी चुलीवर भाकरी करत होते. त्यांच्यातल्या आजी हौसेनं चूल बघायला आत आल्या आणि बुद्धमूर्ती, जय भीमचं कॅलेंडर बघून थबकल्या.

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

दहा मिनिटांत बॅगा गाडीत गेल्या. त्यांची सून माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाण्याची एवढी टंचाई, उगीच तुम्हाला त्रास नको. आम्ही पुढं हॉटेलात खाऊ."

"ताई, स्वयंपाक झालाय. पिठलं गरम आहे."

गाडी निघून गेली. आमच्या पाण्यानं अंघोळ चालली, भाकरी चालली नाही.

नवऱ्यानं पिठल्याचं भांडं झाकलं. मग हळूच म्हणाला, "मूर्ती आन् कॅलेंडर आतल्या खोलीत ठेवू का? रानात तर काहीच उगवलं न्हाई. या खोल्यांवरच घर चालू हाय."

"न्हाई," मी म्हणाले. मी भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

दुपारी शनिवारच्या बुकिंगसाठी एका बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलंही नव्हतं, मीच आधी आडनाव सांगून टाकलं. त्या क्षणभर थांबल्या, "कळवते" म्हणाल्या.

अजून कळवलेलं नाही. खरं सांगा, मी चुकले का?